बाहेर उभा असलेला आठ

आईने पिशवी हातात दिली आणि सांगितलं, "जा, किराण्यातून एक बिस्किटपुडा, एक अंगाचा साबण अन् अर्धा किलो साखर घेऊन ये. सुटे पैसे नाहीत, हा फोन घे." तुम्ही चप्पल पायात सरकवून निघालात. गाव आहे अमडापूर, चिखली तालुक्यातलं, बल्लाळदेवीचं. दुकान गल्लीच्या टोकाला. जाऊन येऊन दहा मिनिटांचं काम.

पण आज तुम्हाला उशीर होणार आहे. त्याचा दोष माझा.

बिस्किटपुडा हातात आला की फोडू नका. कठीण आहे, मला माहीत आहे, तरी फोडू नका. तो उलटा करा. मागे कुठेतरी काळ्या उभ्या रेषांची चौकट दिसेल, फणीच्या दातांसारखी. याला म्हणतात बारकोड. त्याच्या खाली इंग्रजी अंकांत तेरा आकडे छापलेले असतात. आता डोळे बारीक करून बघा. बारा आकडे रेषांच्या पायाशी मुकाट ओळीत बसलेत, आणि पहिला आकडा, आठ, रेषांच्या बाहेर डावीकडे एकटाच उभा! बाईंनी वर्गाबाहेर काढल्यासारखा.

साबण बघा. तिथेही आठ बाहेर. चहापत्ती, टूथपेस्ट, मिठाचा पुडा... जवळजवळ सगळीकडे आठच बाहेर. काय केलं असेल बिचाऱ्याने?

सांगतो. पण आधी दुकानदार काकांकडे बघा.

"काय पाहिजे रे बाप्पा?" असं विचारता विचारता त्यांचा हात बरणीकडे गेलेलासुद्धा असतो. डाळीचा भाव, तेलाचा भाव, कुठल्या खोक्यात कुठला साबण, कोणाच्या घरी कोणती चहापत्ती चालते, कोणाची किती उधारी, सगळं डोक्यात. हिशेब कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने, आणि तो तुमच्या पाढ्यांपेक्षा वेगात. पूर्वी जगभरातली किराणा दुकानं अशीच होती. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे, माल फळीच्या पलीकडे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 'पिग्ली विग्ली' असं गमतीदार नाव ठेवून एक दुकान उघडलं आणि लोकांना सांगितलं, या, आत फिरा, हवं ते स्वतःच उचला. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा शहरातल्या सिल्वन गोल्डमन या दुकानदाराने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची ढकलगाडी केली. लोक तिला हात लावेनात! पुरुषांना वाटे, एवढी टोपली उचलायची ताकद आपल्यात नाही असं कोणी म्हणेल. बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून पुरे झालं. मग त्याने पगार देऊन माणसं ठेवली, कशाला? तर दुकानात गाड्या ढकलत खरेदीचं नाटक करायला. ते बघून बाकीचे ढकलू लागले.

आपल्याकडे मुंबईत पवईला २००२ साली डीमार्टचं पहिलं दुकान निघालं, आणि आता तालुक्याच्या गावीसुद्धा 'मार्ट', 'शॉपी' अशा पाट्या दिसतात. आत गेलं की टोपली घ्या आणि फिरा. मजा आहे. पण अमेरिकेत अशी दुकानं निघाली तेव्हा एक भानगड झाली. माल उचलायला दहा मिनिटं आणि पैसे द्यायला रांगेत वीस मिनिटं! कारण बिल करणाऱ्या माणसाला प्रत्येक वस्तू हातात घेऊन चिकटवलेली किंमत वाचायची आणि आकडे दाबायचे. काकांसारखं डोकं दर गल्ल्यावर कुठून आणणार?

हीच तक्रार घेऊन १९४८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत किराणा दुकानांच्या एका कंपनीचे प्रमुख आले होते. वस्तू आपणहून ओळखेल असं काही यंत्र करून द्या, म्हणाले. संस्थेच्या साहेबांनी नाही म्हटलं. पण ते बोलणं तिथल्या बर्नार्ड सिल्वर नावाच्या विद्यार्थ्याने ऐकलं, आणि ते त्याने आपल्या दोस्ताला, नॉर्मन जोसेफ वुडलंडला, जाऊन सांगितलं. (दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये असं घरी सांगतात. इथे सिल्वरने ऐकलं हे बरंच झालं.)

वुडलंडला त्या प्रश्नाने इतकं झपाटलं की तो शिकवणं सोडून मायामीच्या समुद्रकिनारी आजोबांकडे जाऊन बसला. त्याला एकच लिपी पाठ होती, बालवीर असताना शिकलेली मोर्सची लिपी, म्हणजे तारायंत्राची कड-कट्ट. टिंब आणि डॅश. एके दिवशी वाळूत बसून विचार करता करता त्याने चार बोटं वाळूत खुपसली आणि स्वतःकडे ओढली. वाळूत चार रेघा उमटल्या. तो बघतच राहिला. टिंब आणि डॅश खाली ओढले तर? बारीक रेघ आणि जाड रेघ!

तुम्हीही अंगणातल्या मातीत हे करून बघा. जगातला पहिला बारकोड असाच बोटांनी काढलेला होता.

पुढचं काम मात्र अवघड निघालं. रेघा वाचायला दोघांनी टेबलाएवढं यंत्र केलं, त्यात पाचशे वॉटचा दिवा. तो इतका तापे की वाचायच्या कागदातून धूर निघे. म्हणजे वस्तू ओळखायची की भाजायची? १९५२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, पण लहानसा प्रखर उजेड हवा होता आणि स्वस्त संगणक हवा होता, दोन्ही नव्हते. लेझर १९६० साली आला. वाट बघता बघता सिल्वर १९६३ मध्ये वारलाही. वुडलंड तोवर आयबीएम कंपनीत होता, आणि त्याच कंपनीतल्या जॉर्ज लॉरर या अभियंत्याने शेवटी आजच्या रेषा आखल्या. वुडलंडने वाळूतल्या त्या रेघा पुढे गोल केल्या होत्या, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा वर्तुळांच्या. लॉररच्या लक्षात आलं, छापताना शाई फरफटते. वर्तुळाची रेघ फरफटली तर ती जाड होणार आणि सगळा घोटाळा. उभी रेघ उभ्या दिशेने फरफटली तर? ती फक्त थोडी लांब होईल. बिघडलं काय! मला विचाराल तर लेझरपेक्षा ही युक्ती मोठी.

१९७४ च्या २६ जूनला सकाळी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श नावाच्या दुकानात, पहिली वस्तू खऱ्या गिऱ्हाइकासाठी यंत्रावरून सरकली. च्युइंगगमचं पाकीट, सदुसष्ट सेंटचं.

आता यंत्र रेषा वाचतं म्हणजे काय करतं ते बघू. मार्टमधल्या त्या पिस्तुलासारख्या स्कॅनरमधून बहुतेक वेळा लाल उजेड निघतो. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात जाताना डोक्याला पांढरा रुमाल का बांधतात? पांढरा रंग उजेड परत फेकतो, काळा पिऊन टाकतो. रेषांवरून उजेड फिरला की पांढऱ्या फटींतून तो परत येतो, काळ्या रेषांतून येत नाही. यंत्राचा डोळा एवढंच बघतो, आला, नाही आला, आला, आला, नाही आला. म्हणजे रेषा वाचणं म्हणजे खरं तर मधल्या फटी वाचणं.

आणि एक गंमत. हाच बारकोड पांढऱ्या कागदावर लाल शाईने छापला तर तुम्हा-आम्हाला झकास दिसेल, पण लाल उजेडाच्या यंत्राला कोरा कागद दिसेल! लाल शाई लाल उजेड परत फेकते ना. म्हणून पुडा कितीही रंगीत असो, रेषा काळ्या, निळ्या, गडद हिरव्या असतात. लाल रेषांचा पुडा सापडला तर मला कळवा.

प्रत्येक आकड्याला सात घरं दिलेली असतात, ठिकरीच्या खेळातल्यासारखी. घर काळं तरी किंवा पांढरं तरी. डाव्या बाजूचा शून्य लिहायचा तर तीन पांढरी, दोन काळी, एक पांढरं, एक काळं. काळी घरं मोजा. तीन. विषम. उजव्या बाजूचा शून्य अगदी उलट लिहितात, तीन काळी, दोन पांढरी, एक काळं, एक पांढरं. काळी घरं चार. सम. एकच आकडा दोन तऱ्हांनी लिहायची हौस कशाला? तर गल्ल्यावरचा माणूस पुडा सुलटा धरेल की उलटा, याचा नेम नाही. यंत्राला पहिल्याच आकड्यात काळी घरं विषम मिळाली तर ते समजतं, आपण डावीकडून निघालो. सम मिळाली तर उलटीकडून आलोय, वाचून झालं की ओळ फिरवून घ्यायची. तुम्ही पुस्तक उलटं धरून वाचून बघा, किती वेळ लागतो. यंत्राला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही.

तर बारा आकडे, प्रत्येकी सात घरं, झाली चौऱ्याऐंशी. दोन्ही टोकांना दोन-दोन लांब रेषा आणि मध्ये दोन लांब रेषा असतात, त्यांची अकरा. एकूण पंच्याण्णव घरं. आठाला जागाच उरली नाही!

इथे आपल्या बाहेर उभ्या असलेल्या आठाची गोष्ट सुरू होते. अमेरिकेने आधी बाराच आकड्यांचा नंबर ठरवला होता. मग १९७७ च्या सुमारास युरोपातले देश म्हणाले, आम्हालाही हवा, पण बारा आकडे पुरणार नाहीत, तेरा करा. आता रेषा वाढवल्या तर जुनी यंत्रं गोंधळणार. रेषा वाढवायच्या नाहीत आणि आकडा तर वाढवायचा. कसं?

समजा, तुमच्या वर्गातली सहा मुलं ओळीत उभी आहेत. काहींनी हाताची घडी घातली आहे, काहींनी हात कमरेवर ठेवलेत. मुलं तीच, क्रम तोच. पण कोणाची घडी आणि कोणाचे हात कमरेवर, यावरून लांबून बघणाऱ्या तुमच्या दोस्ताला तुम्ही आणखी एक आकडा गुपचूप सांगू शकता. ठरवून ठेवलेलं असलं म्हणजे झालं. बारकोडमध्ये डावीकडच्या सहा आकड्यांना असंच दोन वळणांनी लिहितात. पहिला, तिसरा आणि सहावा एका वळणाने, दुसरा, चौथा आणि पाचवा दुसऱ्या वळणाने, असं दिसलं की यंत्र म्हणतं, अच्छा, म्हणजे बाहेर आठ आहे!

म्हणजे आठाला कोणी शिक्षा केलेली नाही. त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून तो बाकीच्या सहा जणांच्या उभं राहण्याच्या ढंगात लपलाय. सहाही जण पहिल्याच वळणाने लिहिले असले तर बाहेरचा आकडा शून्य धरायचा. त्यामुळे अमेरिकेचे जुने बारा आकडी नंबरही चालू राहिले. कोणाचे छापलेले नंबर फुकट गेले नाहीत, भांडण नाही.

८९० ने सुरू होणारा नंबर म्हणजे तो भारतातल्या संस्थेकडून, जीएस१ इंडियाकडून, घेतलेला नंबर. वस्तू भारतातच बनली असं त्यावरून ठरत नाही, हे मोठ्यांनाही सांगा, कारण मोठे यावर पैज लावतात आणि हरतात.

शेवटचा, तेरावा आकडा चौकीदार आहे. त्याची परीक्षा घेऊ. मी एक नंबर देतो, लक्षात ठेवायला सोपा: ८९०१२३४५६७८९०. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे घ्या: ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. मधले राहिलेले: ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. दहाने भाग जातो, म्हणून चौकीदार शून्य. भाग जायला चार कमी पडले असते तर चौकीदार चार असता. वाचताना एखादा आकडा चुकला की बेरीज दहाच्या पटीत बसत नाही आणि यंत्र गप्प राहतं, 'पीं' म्हणत नाही. तिप्पटच का, दुप्पट का नाही? शून्याच्या जागी चुकून पाच वाचला आणि दुप्पट केली तर फरक दहाचा, चोर निसटला! तिप्पट केली की फरक पंधराचा, पकडला. घरातला कुठलाही पुडा घ्या आणि चौकीदार तपासा. मात्र या चौकीदाराला एक चोरवाट दिसत नाही. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल तो बहुतेक वेळा पकडतो, पण १ आणि ६ शेजारी असून त्यांनी जागा बदलल्या तर त्याला पत्ताच लागत नाही. अशा आणखी चार जोड्या आहेत. शोधा बरं.

एवढं सगळं असून त्या रेषांत किंमत कुठेच नसते! कित्येकांना वाटतं, रेषा म्हणजे किंमत. रेषांत फक्त नंबर आहे. यंत्र नंबर वाचतं, दुकानाच्या संगणकातल्या वहीत तो शोधतं आणि तिथला भाव उचलतं. चिखलीच्या मार्टमधला पुडा आणि अमडापूरच्या दुकानातला पुडा, नंबर एकच. वही मात्र ज्याची त्याची. काकांकडे स्कॅनर नाही म्हणून त्यांना कमी समजू नका. त्यांची वही डोक्यात आहे, एवढाच फरक.

साखर राहिली की! साखर सुटी, तिला रेषा नाहीत. काका ती काट्यावर ठेवतात.

पूर्वीच्या तराजूत एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनं. आजीला विचारा, त्याच्याही आधी धान्य वजनावर नाही, मापावर घेत. शेर, पायली. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात पारडं एकच आहे. मग तो तोलतो कशाशी? त्याच्या ताटलीखाली धातूचा एक ठोकळा असतो. साखर ठेवली की तो वाकतो. इतका कमी की डोळ्यांना दिसणार नाही. त्या ठोकळ्यावर नागमोडी वळणांची अगदी पातळ धातूची पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा वाकला की पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते, आणि तिच्यातून वीज वाहायला थोडी जास्त अडचण येते. रस्ता अरुंद झाला की बैलगाडी हळू चालते, तसं. ही अडचण मोजायची आणि तिचे ग्रॅम करून लाल आकड्यांत दाखवायचे. काका आधी रिकामं भांडं ठेवून एक बटण दाबतात आणि आकडा शून्य होतो, बघितलंत? ते काट्याला सांगतात, भांड्याचं वजन विसर.

आता एक उलटसुलट प्रश्न. तराजू आणि हा काटा दोन्ही चंद्रावर नेले तर? जुना तराजू एक किलो साखरेला एक किलोच म्हणेल, कारण चंद्र साखरेला जितकं कमी ओढेल तितकंच वजनाच्या लोखंडालाही. पण आपला इलेक्ट्रॉनिक काटा दाखवेल सुमारे १६५ ग्रॅम! चंद्रावर किराणा दुकान काढलं तर कोणता काटा ठेवाल?

मार्टमध्ये सुटी भाजी तोलली की काट्यातून एक स्टिकर निघतो, त्यावरही रेषा असतात. हा नंबर दुकानाने स्वतःपुरता बनवलेला. बहुतेकदा त्याचा पहिला आकडा दोन असतो आणि त्यात त्या पिशवीचं वजन किंवा किंमत लपवलेली असते. मघाशी मी म्हणालो रेषांत किंमत नसते, तर हा अपवाद.

रेशन दुकानातही एक यंत्र आहे, पॉस मशीन. तेही रेषाच वाचतं, पण तुमच्या आजीच्या अंगठ्यावरच्या. या रेषा कोणी छापलेल्या नाहीत आणि दुसऱ्या कोणाच्या त्यांच्याशी जुळत नाहीत. मात्र वर्षानुवर्षं निंदण-खुरपण केलं की अंगठ्याच्या रेषा झिजतात, मग यंत्र "पुन्हा ठेवा" म्हणत राहतं आणि आजी त्याच्याकडे रागाने बघते. लॉररने शाईच्या फरफटीचा विचार केला होता, खुरप्याचा विचार कोणीतरी अजून करायचाय. तुम्ही करा.

आता पैसे. काकांच्या गल्ल्यावर एक चौकोन चिकटवलेला असतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. क्यूआर कोड. हा १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सोबत्यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. हारांना तो सुचला 'गो' नावाच्या खेळाच्या पटावरून, ज्यात काळ्या-पांढऱ्या सोंगट्या रेघांच्या जाळीवर मांडतात. बारकोड एकाच दिशेने वाचायचा, हा आडवाही आणि उभाही, म्हणून त्यात पुष्कळ मावतं. तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन म्हणजे खुणेचे दगड. त्यांच्यावरून कुठूनही सरळ रेघ मधोमध मारली तर काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांच्या जाडीचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. हेच का? हारांच्या मंडळींनी ढीगभर छापील कागद तपासले आणि छपाईत सगळ्यात क्वचित सापडणारं प्रमाण निवडलं, म्हणजे फोनला दुसरंच काही बघून फसायला नको. शिवाय कोडमध्ये माहिती जरा जास्तीच लिहून ठेवतात, त्यामुळे कोडचा काही भाग तेलाने डागाळला तरी उरलेल्यातून फोन तो पुरा करतो. जास्तीत जास्त ३० टक्के भाग बिघडला तरी चालेल असाही कोड बनवता येतो.

त्या चौकोनात पैसे नसतात, फक्त दुकानाचा पैशांचा पत्ता असतो. तुम्ही आकडा टाकला, आईने सांगितलेला पिन टाकला, (तो दुकानात मोठ्याने म्हणू नका!) आणि काकांच्या शेजारची डबी बोलली, अमुक रुपये मिळाले. तुमच्या फोनपासून ती हातभर अंतरावर आहे. पण निरोप हातभर गेलेला नाही. तो फोनवरून टॉवरला, तिथून दूरच्या शहरांतल्या संगणकांना, तुमच्या बँकेकडून काकांच्या बँकेला, आणि पुन्हा टॉवरवरून त्या डबीतल्या सिमकार्डात आला. ही यूपीआय पद्धत ११ एप्रिल २०१६ ला सुरू झाली, म्हणजे तुमच्यातले काही जण तिच्यापेक्षा मोठे आहेत.

आणि आता या चौकोनाची नजर बिस्किटपुड्यावर आहे. २०२७ च्या अखेरीपर्यंत जगभरातल्या दुकानांच्या यंत्रांना रेषांसोबत असे चौकोनही वाचता यावेत, असं नंबर देणाऱ्या जीएस१ संस्थेने ठरवलंय. चौकोनात नंबराबरोबर पुडा कधीपर्यंत खायचा ती तारीखही मावते. मुदत संपलेला पुडा गल्ल्यावर आला तर यंत्र तो विकायलाच नकार देऊ शकेल. सुरुवातीला रेषा आणि चौकोन दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील. मग कधीतरी रेषा जातील.

त्या चौकोनात जागेची टंचाई नाही. तेराही आकड्यांना तिथे ज्याची त्याची जागा आहे, आठालासुद्धा. इतकी वर्षं दाराबाहेर उभा असलेला आठ एके दिवशी आत येऊन बसेल. तोवर तो तुमच्या पुड्यावर आहे, डावीकडे, एकटा. पुडा फोडताना जरा जपून, नेमका तोच कोपरा फाटतो.